लिफ्टच्या रंगाचं स्वयंपाकघर

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत थांबाकाका म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. कुठे दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट अडकली की कंपनीचा फोन यायचा आणि काका भरल्या ताटावरून उठून निघायचे. आत अडकलेल्या माणसाशी ते बाहेरून पहिलं बोलायचे ते हेच: "थांबा, मी आलोय." दार ओढू नका, बटणं दाबू नका, थांबा. हा शब्द त्यांच्या जिभेला इतका चिकटला की पुढे दुकानात, रांगेत, घरात, कशालाही पहिलं उत्तर तेच. एकदा माझा गळका नळ बघायला ते आपणहून आले होते. नळाकडे बघत पाच मिनिटं "थांबा, थांबा" म्हणत उभे राहिले. नळाला म्हणत होते की मला, ते काही कळलं नाही.

काकूंची आणि त्यांची ओळखही अशाच एका अडकलेल्या लिफ्टमुळे झाली. काकू एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या लिफ्टमध्ये एकट्याच अडकल्या. काकांचा जोडीदार वर जाऊन मशीन हाताने फिरवेपर्यंत पाऊण तास काका दाराबाहेर बसून त्यांच्याशी बोलत राहिले. "मी आधी आवाजाला होकार दिला, माणूस नंतर बघितला," असं काकू सांगायच्या. "आधी बघितला असता तर जरा विचार केला असता," असंही वर जोडायच्या. हे ऐकलं की काका चष्मा पुसायला घ्यायचे.

इस्पितळातले चारशेच्या वर नंबर काकूंना तोंडपाठ होते. त्या रिटायर झाल्यावरही मी गमतीने विचारायचे, "काकू, एक्स-रे?" की उत्तर तयार असायचं. "दोनशे चौदा. पण तिथे कुणी उचलत नाही, तू आपली तीनशे सहाला कर."

त्यांच्या स्वयंपाकघरात अकरा दारांची लाकडी कपाटं होती. घर घेतलं त्या वर्षी काकांनी एका सुताराच्या मदतीने ती बसवली आणि कंपनीत उरलेला रंग आणून स्वतः रंगवली. लिफ्टच्या दारांना मारायचा तो गडद चॉकलेटी ऑइल पेंट. त्यावरून काकूंनी त्यांची आयुष्यभर चेष्टा केली. "आमच्याकडे स्वयंपाकघरात शिरलं की कितवा मजला दाबायचा तेच कळत नाही," असं आल्यागेल्याला सांगायच्या. त्यांना पिवळा रंग हवा होता. लोण्यासारखा, फिकट. वर्षातून दोन-तीनदा तरी विषय निघायचा, आणि काका म्हणायचे, "थांब, जरा सवड मिळू दे. आठ दिवसांचं काम आहे ते." ती आठ दिवसांची सवड सत्तावीस वर्षं काही मिळाली नाही.

काका रिटायर झाले आणि दीडएक वर्षात काकूंचं विसरणं सुरू झालं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. एका दुपारी काकांनी चिठ्ठी पुढे केली. मी औषधाचं नाव वाचलं आणि त्यांच्याकडे न बघताच गोळ्या काढायला मागे वळले. मला ते असं कळलं. मग एकदा जिन्यात मी काकूंना सवयीने विचारलं, "काकू, एक्स-रे?" त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "का गं, हाड मोडलं का तुझं?" त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

तरी सकाळचा चहा काकूंच्या हातात शाबूत होता. वार आठवायचा नाही, जावयाचं नाव आठवायचं नाही, पण सकाळी उठून त्या सरळ स्वयंपाकघरात जायच्या. डावीकडचं तिसरं दार उघडून डबा काढायच्या, खालचं कपाट गुडघ्याने लोटून बंद करायच्या आणि दोघांसाठी नेमका दोन कप चहा करायच्या. काका दारात उभं राहून बघायचे. "तिचं डोकं विसरतंय, हात नाही विसरत," असं ते मला म्हणाले होते.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावात बँकेत नोकरी करते. तिला रजा मिळाली तशी ती आईला पंधरा दिवसांसाठी घेऊन गेली, बाबांनाही जरा विश्रांती म्हणून. मुलगी गेली त्याच दिवशी संध्याकाळी काका दुकानात आले आणि माझ्यापुढे रंगाचं शेडकार्ड ठेवलं.

"यातला लोण्याचा कुठला?"

मी बोट ठेवलं. आमचं दोघांचं एकमत झालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझंही बोट आहे.

काका लिफ्टचा माणूस, कामात घाई त्यांना माहीतच नाही. त्यांनी अकराही दारांचे स्क्रू काढले, दारांच्या मागे खडूने नंबर घातले, बिजागऱ्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवल्या. गॅसवरच्या कपाटांवर तेलाचा थर मेणासारखा बसला होता, तो धुण्याच्या सोड्याने खरवडायला त्यांना दोन दिवस लागले. मग पॉलिश पेपर. सकाळपासून त्यांचा तो खर्रर खर्रर आवाज मला माझ्या घरात ऐकू यायचा. भेगांत पुट्टी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली, मग प्रायमर. गॅलरीत वर्तमानपत्रांवर दारं ओळीने मांडलेली असायची आणि काका त्यांच्यामधून पाय उचलून बगळ्यासारखे चालायचे. रंगाचा पहिला हात झाल्यावर मी बघायला गेले, तर मला बरं दिसलं. काका म्हणाले, "थांब, अजून दोन हात द्यायचेत. खालचा चॉकलेटी रंग वर डोकावतोय."

तेराव्या दिवशी दारं परत लागली. जुन्या मुठी पुसून लखलखीत करून पुन्हा बसवल्या होत्या. सगळं जिथल्या तिथे. त्या खोलीत उजेड वाढल्यासारखा झाला होता, खरंच. काका स्टुलावर बसून नुसते बघत होते. "फार उशीर केला मी," म्हणाले, पण बोलताना चेहरा हसरा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी काकू आल्या. मलाही काकांनी बोलावून घेतलं होतं. मुलीने आईची बॅग आत ठेवली आणि काका काकूंना हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेले.

काकूंनी आत बघितलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "छान आहे. स्वच्छ ठेवलंय हो घर."

"तुला हवा होता तोच रंग," काका म्हणाले.

"हो का?" काकूंनी मान डोलावली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर डोलावतो तशी. मग हळूच काकांच्या कानाशी म्हणाल्या, "या घरातल्या वहिनी कुठे दिसत नाहीत. आपण आलोय हे त्यांना माहीत आहे ना?"

मुलगी बाहेरच्या खोलीत निघून गेली. "प्रवासाने दमली आहे," असं काका मला म्हणाले. मी हो म्हटलं.

पण विश्रांतीने जाईल असा तो प्रकार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या, तोंड धुतलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या, पर्स मांडीवर घेऊन. काका म्हणाले, "चहा करतेस ना?" त्या संकोचून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असा हात कसा घालायचा? वहिनी येऊ देत." त्या दिवसापासून काकूंचा चहा बंद झाला. जे एक काम हातांना येत होतं, तेही गेलं. दर संध्याकाळी त्या विचारायच्या, "आता निघूया ना आपण? फार दिवस झाले."

इस्पितळातून मिळालेल्या कागदांच्या फाइलीत एक माहितीपत्रक पहिल्या दिवसापासून होतं. काकांनी ते नीट पंच करून लावलं होतं, वाचलं मात्र नव्हतं. आठवड्याभराने ते घेऊन दुकानात आले आणि उभ्या उभ्या एक ओळ मला दाखवली. रुग्णाच्या घरातील वस्तू, त्यांच्या जागा व रंग शक्यतो बदलू नयेत. मी ती ओळ वाचली. तसल्याच पत्रकांचा गठ्ठा माझ्या काउंटरवर, माझ्या कोपराशी, वर्षभर पडून होता. मी रोज त्यातली पत्रकं लोकांना वाटत होते. मलाही सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी पुन्हा आली तेव्हा बापलेकीत बोलाचाली झाली. त्यांचं दार उघडं होतं आणि माझंही. "आई चांगली होती तेव्हा इतकी वर्षं तिला नुसतं थांबवलंत बाबा," मुलगी म्हणाली. "आणि आता कशाला दिला रंग? कुणासाठी दिलात?" मग तीच रडवेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. आज ना उद्या हे होणारच होतं." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, की रंग नसता दिला तरी महिना-दोन महिन्यांत हे झालं असतं, किंवा नसतंही झालं, सांगता येत नाही. काकांनी त्यातलं फक्त "नसतंही झालं" एवढंच धरून ठेवलं.

मग ते जुना रंग शोधायच्या मागे लागले. कुठल्याच दुकानात तो चॉकलेटी मिळेना. मिसळून दिलेला एकात तांबडा जास्त, एकात काळा. शेवटी ते त्यांच्या जुन्या कंपनीच्या गोडाउनमध्ये गेले. तिथल्या स्टोअरकीपरने ओळख ठेवून मागच्या फळीवरून एक गंजलेला डबा काढून दिला. तो रंग बंद होऊन बारा वर्षं झाली होती. वर जाड साय धरली होती. काकांनी ती कापून काढली, खालचा रंग टर्पेंटाइन घालून हलवला आणि जुन्या सुती कापडातून गाळला. तीन दारांना पुरेल एवढा निघाला.

पहिलं दार रंगवून काका दुसरं रंगवत होते. आपल्या जुन्या, डागाळलेल्या कामाच्या कपड्यांत जमिनीवर बसलेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्या आपण होऊन तिथवर पहिल्यांदाच आल्या होत्या. काही वेळ त्यांनी बघितलं.

"मिस्त्री, हात बसलाय हो तुमचा," त्या म्हणाल्या.

काकांनी वर बघितलं. मग पुन्हा दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "बरीच वर्षं करतोय, बाई."

"चहा घ्याल ना?"

आणि काकू आत आल्या. घरात कामाला माणूस आहे म्हणजे घर आपलं, असं त्यांच्या मनाने कुठेतरी जुळवलं असावं. दोन-तीन दारं उघडझाप करून त्यांनी पातेलं शोधलं. कप समोर आला तेव्हा त्यात नुसतं दूधपाणी होतं, चहाची पत्ती घालायचीच राहिली होती. काकांनी कप रिकामा केला आणि चहा झकास झालाय म्हणून सांगितलं.

तिसरं दार रंगवायला काकांनी चार दिवस लावले. त्या चार दिवसांत काकू मिस्त्रींशी जितकं बोलल्या, तितकं नवऱ्याशी वर्षभरात बोलल्या नव्हत्या. नवऱ्यापाशी त्यांना शब्द सापडायचे नाहीत, सापडले नाहीत की लाज वाटायची, मग गप्प व्हायच्या. मिस्त्रींपाशी कसली लाज. तुटकतुटक का होईना, पण बोलायच्या. इस्पितळातल्या मैत्रिणी, हेडफोनने दुखणारे कान, मुलगी लहानपणी पलंगाखाली लपायची ते. तिसऱ्या दिवशी त्या जे बोलल्या, ते काकांनी संध्याकाळी दुकानात येऊन मला सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं.

काकूंनी विचारलं होतं, "तुमच्या घरी कोण असतं, मिस्त्री?"

"बायको असते."

"वेळेवर घरी जाता का?"

"जमत नाही नेहमी."

"आमच्या ह्यांचंही तसंच. मी किती वर्षं म्हणतेय, या कपाटांना रंग द्या, रंग द्या."

"मग दिला नाही त्यांनी?"

"कुठला देतायत. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला रंगाचं काही नव्हतं हो. चॉकलेटी काय नि पिवळा काय. रंग द्यायचा म्हटलं की आठ दिवस तरी माणूस घरात राहील, एवढंच."

"मग तसं सांगायचं त्यांना."

"असं कसं सांगायचं? तिकडे लोक अडकलेले असतात त्यांचे."

काकांचं सांगून झालं. मग एक गिऱ्हाईक आलं आणि ते बाजूला झाले. मी गोळ्या मोजून दिल्या, वर बघितलं तर काका गेले होते.

गाळलेला रंग संपला. पाचव्या दिवशी काका साध्या कपड्यांत बाहेरच्या खोलीत आले, तर काकू खुर्चीच्या कडेवर पर्स घेऊन बसलेल्या. "आज मिस्त्री आले नाहीत," म्हणाल्या आणि दिवसभर दुसरं काही बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी मी दार उघडलं, तर काका कामाच्या कपड्यांत स्वतःच्याच घराची बेल वाजवत होते. हातात ब्रश आणि जुना डबा. माझ्याकडे बघून त्यांनी नुसता हात वर केला. दार काकूंनी उघडलं. "या मिस्त्री," म्हणाल्या. नंतर काही कामाने मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काका जमिनीवर बसून एका पिवळ्या दारावर ब्रश फिरवत होते, वरपासून खालपर्यंत, कडा सांभाळून, एकसारखा. डब्यात स्वच्छ पाणी होतं. ओला पट्टा थोडा वेळ चमकायचा, मग वाळायचा, की काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. काकू स्टुलावर बसून त्यांना काहीतरी सांगत होत्या.

हे पाच महिने चाललं. रोज दहाला बेल, साडेबाराला काम बंद. संध्याकाळी कपडे बदलून काका पुन्हा नवरा व्हायचे आणि बाहेरच्या खोलीत दोघं मुकाट्याने बसायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, तुम्हाला त्रास नाही होत? स्वतःच्या बायकोने ओळखू नये याचा?" ते म्हणाले, "होतो ना. पण ती त्याच्याशी माझ्याबद्दल चांगलं बोलते."

नेहमी चांगलंच बोलायच्या असंही नाही. मुलगी चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती आणि हे कुठल्याशा इमारतीत दोरखंड बदलत बसले होते, हेही मिस्त्रींनी ऐकलं. तीनदा ऐकलं. एकदा काकूंनी विचारलं, "तुम्हीच सांगा मिस्त्री, असा माणूस बरा की वाईट?" काकांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

पुढे काकूंचं चालणं गेलं, मग गिळणं अवघड झालं. छातीत कफ धरला आणि त्यांना इस्पितळात ठेवलं. त्यांच्याच इस्पितळात, जिथले नंबर त्यांना पाठ होते. मुलगी उशाशी होती. काका पलीकडे खुर्चीत. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी डोळे उघडले आणि मुलीला म्हणाल्या, "मिस्त्रींना चहा दिलास का?" मुलीला वाटलं, वातात बोलतेय. तिने "हो आई, दिला," म्हणून सांगितलं. त्यानंतर काकू बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

पंधरवड्याने मुलगी आईच्या वस्तू आवरत होती आणि मी मदतीला गेले होते. स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "हे काय ध्यान करून ठेवलंय. तीन दारं एका रंगाची, आठ दुसऱ्या. बाबा, मी माणूस बोलावून सगळं एकसारखं करून घेते." मग तिला आठवलं आणि तिने सहज विचारलं, "तो मिस्त्री कोण होता हो? आई शेवटी त्याचं नाव काढत होती."

मी काकांकडे बघितलं. ते टेबलापाशी बसले होते. मला वाटलं टाळतील. पण त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. बेल, पाणी, पत्तीविना चहा. ते आठ दिवस. तापाचंही सांगितलं. मी उठून जायला लागले तर मला हातानेच बस म्हणाले, साक्षीदार असावा तसं.

मुलगी म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"खोटं नव्हतीस बोलली," काका म्हणाले.

तिने माणूस बोलावला नाही. बाबांनी आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तिने फार आग्रह केला, अजूनही दर रविवारी फोनवर करते. काका तिच्याकडे महिनाभर राहून आले, पण राहिले नाहीत. त्यांना आता कामं नाहीत. कुणाची लिफ्ट अडकली तरी हल्ली फोन दुसऱ्यांना जातात. सकाळी ते चहा करतात, पेपर वाचतात, मग टेबलापाशी बसून असतात. परवा मी भाजी आणायला निघाले होते, म्हटलं काका, तुमच्यासाठी काही आणू का, की येताय पाय मोकळे करायला. ते म्हणाले, "नको गं. मी आता घरीच असतो."

मी खाली उतरले. भाजीवाल्याकडे बरीच गर्दी होती.